ग्लॅडिसच्या नावाने

गेथिन प्रोबर्ट वेल्सकडून रग्बी खेळायचा तेव्हा आमच्या ब्रिनकॅरेगमध्ये त्याचं कौतुक ओसंडून वाहायचं. पण कोच झाला आणि शहरातल्या मोठ्या क्लबने वर्षभरात हाकलून दिलं. मग आजारी आईजवळ, ग्लॅडिसजवळ, गावी आला आणि आमच्या संघाला शिकवू लागला. गावाचं तोंड काय, लगेच फिरतं. 'पडेल कोच' म्हणून हिणवायला सगळे पुढे. मला संताप यायचा. क्लबातला चहा मीच करते, त्यामुळे सगळ्यांची तोंडं मला माहीत.

शेवटचा सामना शेजारच्या पेनदेर्वेनशी. जिंकलो तर वरच्या गटात जाणार, हरलो तर गेथिनला नारळ. अध्यक्ष हेडन खाटकाने हे त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. ही नोकरीही गेली असती, तर पुन्हा कुणी त्याला मैदानाजवळ उभं केलं नसतं.

चेंडू बाहेर गेला की दोन्ही संघ रांगा करतात आणि मधे चेंडू फेकला जातो. पुढे फेकायचा, मधे की मागे, ते खुणेच्या शब्दाने ओरडून सांगायचं. गेथिनने गावातली माणसंच खुणा केली होती. रस्त्याच्या तोंडाशी हेडनचं दुकान, म्हणून 'हेडन' म्हणजे पुढे. मधे टपालवाली ओल्वेन. टोकाला मी, 'नेरिस', म्हणजे मागे. पोरांना पाठ करायची गरजच नव्हती.

पण एकही चेंडू हाती लागेना! पेनदेर्वेनवाले आधीच नेमक्या जागी उडी मारायला तयार. मध्यंतराला मी चहा घेऊन खोलीत गेले, ती तावातावानेच.

"अरे शहाण्या, अर्ध्या पेनदेर्वेनला मुली आम्हीच दिल्यात! त्यांचा कप्तान ओल्वेनचा जावई. आपला रस्ता त्याला माहीत नसेल होय?"

हेडन म्हणाला, "झालं! वेल्सचा खेळाडू म्हणे!"

गेथिन खाली मान घालून बसला. मग त्याने कप्तानाला, इएस्टिनला, विचारलं, "माझ्या आईला शेवटचं पोचवायच्या दिवशी बर्फ पडलं होतं ना? त्यांच्यातलं कुणी आलं होतं?"

"कुणीच नाही. घाटरस्ता बंद होता."

"मग चॅपलमध्ये कोण कुठे बसलं होतं, ते फक्त आपल्याला माहीत. सगळ्यात मागे कोण?"

"हेडन. नेहमीसारखे उशिरा आले."

"मधे?"

"नेरिस मावशी. रडत होत्या."

"सर्दी झाली होती मला," मी म्हटलं.

"आणि पुढे?"

पुढे तर शवपेटी होती. पोरं बुटांकडे बघत बसली.

"पुढे ग्लॅडिस," गेथिनच म्हणाला. "चला."

आता इएस्टिन 'हेडन' ओरडला की पेनदेर्वेनवाले पुढे धावायचे आणि चेंडू मागे आमच्या हातात. हेडनचं नाव पहिल्यांदाच क्लबाच्या कामी आलं. आम्ही हळूहळू जवळ येत गेलो. शेवटची काही मिनिटं उरली, तरी ते तीन गुणांनी पुढेच होते. तेवढ्यात त्यांच्या रेषेजवळ चेंडू बाहेर गेला. वारा इतका सुटला होता की लांब फेकणं शक्यच नव्हतं. पुढेच टाकायला हवा होता.

इएस्टिनने तोंड उघडलं आणि मिटलं. दोन आठवडेही झाले नव्हते हो. स्वतःच्या खांद्यावरून नेलं होतं त्याने तिला. तो गेथिनकडे बघू लागला.

गेथिन कडेवरून ओरडला, "जोरात घे नाव! कमी ऐकू येतं तिला!"

"ग्लॅडिस!" इएस्टिनने असा आवाज दिला की डोंगरावरची मेंढरं उठली. चेंडू पुढे आला, आमच्या पोराने तो छातीशी धरला आणि बाकीचे त्याला ढकलत रेषेपलीकडे घेऊन गेले. पाच गुण! आम्ही जिंकलो!

गेथिन पुढे मोठ्या संघांचा कोच झाला, चषक जिंकले, ते आता सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र तो आठवतो तो त्या दिवशीचा, चिखलात बसलेला, चेहरा पुसायचंही भान नसलेला. मी चहा पुढे केला.

"मावशी," तो म्हणाला, "ऐकू गेलं असेल का गं तिला?"

"न जायला काय झालं? रेफरीने शिट्टी वाजवायच्या आधी तिनेच वाजवली असेल."