काचेत राहिलेला बिराप्पा

मी एक फोटोची फ्रेम बोलतेय. रहिमतपुरातल्या एका लहानशा वाचनालयात, पुस्तकांच्या कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून मला एरवी उभं केलेलं असतं. त्यामुळे मला दिसत काही नाही, पण ऐकू मात्र सगळं येतं.

माझं लाकूड कोयनानगरचं. तिथल्या भूकंपात एक घर बसलं. त्याच्या ढिगाऱ्यातून निघालेलं सागवानी दार फिरत फिरत चांदसाहेबांच्या दुकानात आलं. चांदसाहेब म्हणजे आमच्या गावचे फ्रेमवाले. करवत लावण्याआधी त्यांनी दारावरून हात फिरवला आणि स्वतःशीच म्हणाले, "ह्या दारातनं माणसं भाईर पडली का न्हाई, अल्लाला ठावं." त्या दाराच्या चार पट्ट्या म्हणजे मी. बाहेर कोण पडलं आणि आत कोण राहिलं, ते मलाही आठवत नाही. पण माझ्या जवळून कुणी गेलं की अजून वाटतं, हा आत चाललाय की बाहेर?

मला घेतलं नाथाजी सुभेदारांनी. पलटणीतून निवृत्त झाल्यावर ते वाचनालयाचे चिटणीस झाले होते. कुणी नामांकित माणूस गेल्याचं रेडिओवर किंवा वर्तमानपत्रात आलं, की दुसऱ्या दिवशी त्यांची शोकसभा ठरलेली. फ्रेम मी एकटीच. नवा फोटो आला की तो जुन्याच्या पुढे सरकवायचा. जुना काढायचा नाही. वर्षभर गेलेली माणसं अशी माझ्या पोटात एकामागे एक उभी राहायची. वर्षाच्या शेवटच्या दिवशी मागची सगळी बाहेर काढून टेबलावर मांडायची, प्रत्येकापुढे पणती लावायची, नाव पुकारायचं आणि दोन मिनिटं उभं राहायचं. सुभेदार त्याला 'हजेरी' म्हणत.

माणसांची गंमत वाटायची. हार घालायला पुढे आलेला माणूस फोटोकडे बघतोय असं लोकांना दिसे. तो बघत असे काचेत, स्वतःकडे. टोपी सरळ करी, मिशीवरून बोट फिरवी. गेलेल्याच्या तोंडावर त्याचं तोंड क्षणभर बेतल्यासारखं बसे. मग तो मागे सरे आणि चहा झाला का, ते विचारी.

एकदा चांदसाहेबांनी मला उघडलं, काच उन्हाकडे धरली आणि निरखून पाहिली. काचेवर पुसट डाग होते. एक कपाळ होतं, चष्म्याची एक कडा होती, पदराची किनार होती. त्यांनी राखेनं घासलं, लिंबानं घासलं, पण डाग गेले नाहीत.

"सुभेदार, ही काच फोटो पितीया," ते म्हणाले.

"मामू, तुमचा चष्मा बदला," सुभेदार म्हणाले.

मग आलं १९७४ साल. त्या वर्षी माझ्यात चौघं होती. पत्री सरकारात लढलेले एक म्हातारे, साताऱ्याचे एक डॉक्टर, सांगलीच्या एक गायिका आणि मुलींसाठी शाळा काढलेल्या एक बाई. डिसेंबर संपत आला होता, आणि पाचवं कुणी येईल असं वाटत नव्हतं.

हजेरीच्या तीन दिवस आधी आटपाडीकडून एसटीनं आलेल्या एका माणसानं वाचनालयाच्या गल्लीतल्या धोंडुबाईकडे सांगावा आणला. तुमचा भाऊ बिराप्पा गेला, माती झाली. धोंडुबाईचा पाय प्लास्टरमध्ये होता. उठता येत नव्हतं, म्हणून ती बसल्या जागीच रडली. गल्ली गोळा झाली.

बिराप्पा म्हणजे साधा माणूस नव्हता. आटपाडीच्या माळावर मेंढरं राखणारा, बिरोबाच्या ओव्या गाणारा. सांगलीच्या रेडिओवर त्याचा आवाज लागला की वाचनालयात पेपरची पानं उलटायची थांबत. सुभेदार धोंडुबाईच्या भिंतीवरचा त्याचा फोटो मागून घेऊन आले. चांदसाहेब लेकीकडे, अकिलाकडे, सांगलीला गेलेले. म्हणून सुभेदारांनी मला स्वतःच उघडलं. ओल्या फडक्यानं काच पुसली, वाळू दिली नाही, आणि बिराप्पाला घाईनं काचेला भिडवून मागून खिळे ठोकले.

बाकीची माणसं माझ्यात आली तेव्हा जड होती. हा हलका होता. काचेमागे काहीतरी ऊबदार असल्यासारखं मला वाटत राहिलं. पण फ्रेमला कोण विचारतं?

हजेरीचा दिवस आला. दुपार कलली होती. चौघांचे फोटो टेबलावर, पाच पणत्या, आणि मधोमध मी, बिराप्पाला घेऊन, झेंडूचा हार घालून. सुभेदारांनी पाच नावं पुकारली. "दोन मिनिटं शांतता. सावधान!"

सगळे उठले, माना खाली गेल्या. आणि जिन्यावर काठी वाजली.

मला दार समोर दिसत होतं. खांद्यावर घोंगडं, डोक्याला तांबडं मुंडासं, अशा वेशात बिराप्पा आत आला. मागे त्याची बायको हरणाबाई. ज्यांनी मान वर केली त्यांची तोंडं पांढरी पडली. एकानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. ओरडणार कसं, शांतता चालू होती. सुभेदारांनीही पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला, पण हात मांडीला चिकटलेले. बिराप्पाही गोंधळला. सगळे उभे आहेत, तर तोही मुंडासं काढून उभा राहिला, आणि आपल्याच फोटोसमोर त्यानं मान खाली घातली.

"विश्राम!" सुभेदार म्हणाले, आणि मट्‌कन खाली बसले.

"कोण गेलं म्हनायचं?" बिराप्पानं विचारलं. मग त्याची नजर माझ्यावर आली.

"आवं, हे काय केलंसा!" हरणाबाई ओरडली. "हार काढा आदी! जित्त्या मानसाला हार?"

"जित्ता? आवं बाई, तुमीच सांगावा धाडला न्हवं?" सुभेदार उठले.

तेव्हा उलगडा झाला. माळावर मुंडासं उतरवून बसला असताना बिराप्पाच्या डोक्यावर कावळा येऊन बसला होता. असं झालं की मरण जवळ आलं, असं तिकडे मानतात. त्यावर उपाय एकच. जवळच्या नातलगाला माणूस गेल्याचा खोटा सांगावा धाडायचा. त्यानं खरं रडायचं. त्या रडण्यानं मरणाला वाटतं, आपलं काम झालं, आणि ते वाट बदलतं. मग जाऊन खरं सांगायचं. हरणाबाईनं नणंद निवडली, कारण ती पोटातून रडेल आणि पायामुळे आटपाडीला धावत येणार नाही. आता दोघं तिला खरं सांगायला आली, तर गल्लीत कळलं की भावाची सभा चालू आहे.

"रडनं खोट्याचं चालतं," हरणाबाई म्हणाली. "पर हार? दिवा? मेलेल्यांच्या वळीत नाव? मरनाला आता काय वाटंल, सांगा की!"

"सुभेदार, पलटनीतबी जित्ती मानसं अशीच पुरत हुता काय?" मागून कुणीतरी म्हणालं. चारजण हसले. हरणाबाईनं मागे वळून पाहिलं, तसे गप्प झाले.

चांदसाहेब त्याच दिवशी परतले होते. त्यांना बोलावलं. त्यांनी मागचे खिळे काढले, पुठ्ठा काढला आणि थांबले. फोटो काचेला चिकटला होता.

"वडला तर चेहरा फाटंल. काच फोडू का?"

"नगा, नगा!" हरणाबाई म्हणाली. "त्येचं तोंड हाय तितं!"

चहाची किटली आणली. वाफेवर धरून चांदसाहेबांनी फोटो हळूहळू सोडवला. मुंडासं सुटलं, खांदे सुटले. पण डोळे आणि तोंड सुटलं नाही. कागद हातात आला तेव्हा चेहऱ्याच्या जागी पांढरा खड्डा होता. चेहरा माझ्या काचेवर होता.

बिराप्पा हसला. "ऱ्हाऊ द्या गड्या. मोठ्या मानसांत जागा गावली, लय झालं."

ही त्याची मोकळ्या आवाजातली शेवटची वाक्यं. लोकांचा जीव भांड्यात पडला होता. कुणीतरी म्हणालं, बिराप्पा, आता एक ओवी होऊन जाऊ द्या. त्यानं कानावर हात ठेवला, छाती भरून घेतली, तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा उघडलं. पुन्हा हवा. टेबलावरच्या पाचही पणत्या मात्र फडफडल्या.

सांगलीच्या डॉक्टरांनी घसा तपासला. घशात काही नाही म्हणाले. तेव्हापासून बिराप्पा कुजबुजतो, तेवढंच. हरणाबाईनं सुभेदारांना शपथ घातली, की फ्रेम फोडायची नाही, फोडली तर हा जाईल, आणि ह्याच्यापुढे दुसरं कुणी लावायचं नाही. म्हणून मी कपाटामागे. हजेरीला आता दुसरी फ्रेम असते.

वाचनालयातल्या रेडिओवर कधी त्याची जुनी ओवी लागते. तेव्हा माझी काच बारीक थरथरते. लोक म्हणतात, बाहेरून ट्रक गेला असेल. ट्रक नसतो. काचेवरचे ते ओठ असतात.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी नवरा-बायको येतात. जिन्यावर पुढे त्याची काठी वाजते, मागून हरणाबाईच्या बांगड्या. सुभेदार मला वळवून ठेवतात. बिराप्पा माझ्यासमोर बसून राहतो. गेल्या खेपेला त्यानं काचेवर काठीचं टोक हळूच टेकवलं होतं आणि हरणाबाईकडे पाहिलं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "मुका असू दे, पर अस."

"गानं न्हाई तर म्या कोन गं?" तो कुजबुजला.

ती रडायला लागली. त्यानं काठी खाली घेतली.

काच फुटली तर त्याचा आवाज सुटेल की जीव, मला ठाऊक नाही. आत चाललाय की बाहेर, हे मला त्या दारापासूनच कळत आलेलं नाही. पण जो माझ्यात कधी यायलाच नको होता, त्याला धरून ठेवण्याचा मला कंटाळा आला आहे.

आज १९७८ सालचा शेवटचा दिवस. हजेरी आटोपली, माणसं पांगली. सुभेदारांनी मला वळवून टेबलावर ठेवलं आणि ते खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

जिन्यावर काठी वाजतेय. नुसतीच काठी. मागून बांगड्या वाजत नाहीत.

ये बिराप्पा. मी समोरच आहे. या खेपेला काठी खाली घेऊ नकोस.