बिनतक्रारी पांढरा गुलाब

मित्रांनो, जरा एक पाऊल मागे उभे राहा. घाबरवत नाही, सवयीने सांगतोय. मी एक जुना पांढरा गुलाब आहे, झुडपाच्या जातीचा, आणि शेजारून जाणाऱ्याचा कपडा पकडायची मला खोड आहे. गॅसची टाकी आणणाऱ्याची पँट मी दोनदा फाडली. तिसऱ्या वेळी त्याने टाकी फाटकातच टेकवली आणि तिथूनच पळ काढला. माझ्या आयुष्यात हसण्यासारखं ते एवढंच. पुढचं जरा जड आहे, पण ऐकाच.

माझा जन्म रोपवाटिकेत झाला. एका म्हाताऱ्या माळ्याने रानटी गुलाबाच्या खुंटाला चीर दिली, तिच्यात पांढऱ्या गुलाबाचा डोळा, म्हणजे इवलासा कोंब, बसवला आणि वरून पट्टी गुंडाळली. तो डोळा म्हणजे मी. म्हणजे जमिनीतली मुळं रानटी आणि वरचा सगळा मी. भाडेकरूच म्हणा ना. आणि खालचा मालक असा बेरकी, की वरचा कधी ढिला पडतोय आणि आपण कधी डोकं वर काढतोय, याचीच वाट बघत बसलेला.

एक दिवस एक कुटुंब आलं. बाबा बस चालवायचे, आई घरी शिवणकाम करायची. सोबत आठ वर्षांचा मुलगा, त्याला सगळे दादा म्हणायचे, आणि त्याच्याहून चार वर्षांनी लहान बहीण. ती खताच्या पोत्यावर जाऊन बसली आणि पाय हलवत राहिली.

"आम्हाला वेळ नसतो हो," आई माळ्याला म्हणाली. "असं काहीतरी द्या, की मागे लागायला नको."

"मग हा न्या. याला काही लागत नाही. फवारे नकोत, रोजचं पाणी नको. वर्षातून एकदा कात्री मारली की बास. फक्त..."

आणि तेवढ्यात दादाला खोकल्याची उबळ आली. त्याला दम्याचा त्रास. बाबांनी खिशातून पंप काढला, आई पाठ चोळायला लागली. माळीबाबांचं वाक्य अर्धवट तोंडात. ते त्यांनी पुरं केलं, पण ऐकायला पोत्यावरच्या मुलीशिवाय कुणी नव्हतं.

मला खिडकीखाली लावलं. खिडकीच्या आत आईचं शिलाई मशीन, म्हणून घरातलं सगळं माझ्या कानावर पडायचं. पहिली काही वर्षं माझी चैन होती. पांढऱ्याशुभ्र फुलांनी लगडलो, की रस्त्यावरची माणसं फाटकाशी थांबायची. शेजारीण विचारायची, "काय घालता हो याला?"

"काहीच नाही," आई म्हणायची. "आमच्या गप्पीसारखं आहे बघा. ना रडणं, ना मागणं."

गप्पी म्हणजे ती पोत्यावरची मुलगी. घरात गप्प असते म्हणून गप्पी. दादा खोकला की चार पायांची धावपळ व्हायची. डॉक्टर, वाफारा, गरम पाणी. यात दादाची चूक नव्हती, त्याचा जीव खरंच घाबरा व्हायचा. पण गप्पीचा विषय निघाला की बाबा म्हणायचे, "तिचं काय बघायचं? तिचं ती बघते." हे कौतुक होतं बरं का. मलाही ते कौतुकच वाटायचं. आम्हा दोघांना त्या कौतुकावर सोडून दिलं होतं.

सुईत दोरा ओवायचं काम गप्पीचं. खिडकीत बसून ती सुई नाकाला लावल्यासारखी धरायची आणि एका झटक्यात दोरा आरपार. आई गिऱ्हाइकांना सांगायची, "पोरीची नजर काय तेज आहे."

आणि मित्रांनो, मी मूर्खासारखा मान डोलवायचो.

मग माझे दिवस फिरले. एका वर्षी कात्री मारायची राहिली, पुढच्या वर्षीही राहिली. बुडाशी पालापाचोळा साचला. खालच्या मालकाने डाव साधला. माझ्या कलमाच्या गाठीखालून एक फूट निघाली, हिरवीगार, सरळसोट. बघता बघता खिडकीच्या गजांपर्यंत पोचली. जमिनीतलं सगळं पाणी आधी तिला, उरलं तर मला. बाबा फाटकातून बघून खूश. "काही न करता कसं फोफावलंय." माझ्या खऱ्या फांद्या काळ्या पडत होत्या. बाबांनी एक दिवस कात्री आणली आणि वाळकं म्हणून त्याच छाटल्या. एक तेवढी राहिली, तीही पालापाचोळ्यात लपली म्हणून.

त्या वर्षी फूल नाही. पुढच्याही वर्षी नाही. मी खूप काटे मारले. पण काटा मारणाऱ्याला काहीतरी सांगायचंय, हे कोण ओळखणार? माझं नाव 'वैतागवाडी' पडलं.

गप्पीचंही काहीतरी बिघडत चाललं होतं. ती माझ्याजवळ येऊन बसायची, पुस्तक तोंडाला लावून. शाळेतून चिठ्ठ्या यायच्या. एका शनिवारी बाईंची मोठी चिठ्ठी आली. आईने मशीन थांबवून ती वाचली: मुलीचं लक्ष नसतं, फळ्यावरचं चुकीचं उतरवते, विचारलं तर खाली बघते, असंच चाललं तर पुन्हा त्याच वर्गात बसावं लागेल.

"एवढी शहाणी म्हणून मागच्या बाकावर बसवली हिला," आई म्हणाली. "आणि हे तुझे धंदे? का लिहीत नाहीस नीट?"

गप्पी फ्रॉकची शिवण उसवत बसली.

"अगं, दादाचं एक आहे, त्याला बरं नसतं. तुला काय झालंय?"

"काही नाही."

बाबा दारात बूट काढत होते. "उद्या सुट्टी आहे. आधी ते वैतागवाडीचं झाड उपटतो. नुसता पाला. तिथे फरशी घालू, दादाची सायकल राहील. मग हिच्या अभ्यासाकडे बघतो."

म्हणजे उद्या आमच्या दोघांचाही निकाल. मी रानटी मुळांवर उभा राहून थरथरत होतो, आणि खालचा मालक मात्र निवांत. त्याला उपटलं तरी एखादं मूळ मागे राहतंच.

रविवारी सकाळी बाबांनी कुदळ आणली. पहिला घाव माझ्यापासून वीतभर अंतरावर बसला. मुळाचा एक पदर तुटला.

"बाबा, थांबा."

गप्पी. पायरीवरून धावत आली आणि चक्क माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"सरक गं, लागेल."

"हे आपलं झाड नाही."

"मग काय शेजाऱ्यांचं?"

"म्हणजे हे हिरवं आपलं नाही. माळीबाबा म्हणाले होते, फक्त गाठीखालून फूट आली तर ती उपटा. कापू नका, मुळापासून ओढून काढा. नाहीतर ती झाडाला खाते."

"मला कधी म्हणाले?"

"तुम्ही दादाला पंप देत होता."

बाबांनी कुदळ टेकवली. "बरं, मग आपलं कुठंय?"

तिने पालापाचोळा बाजूला केला आणि खाली वाकली. आणखी वाकली. नाक फांदीला टेकलं. "हे. याच्या देठाला पाच पानं आहेत. हिरव्याच्या देठाला सात." माझा काटा तिच्या नाकावर ओरखडा काढून गेला. शपथेवर सांगतो, या वेळी मुद्दाम नव्हतं.

खिडकीतून आई ओरडली, "अगं, डोळा फोडून घेशील. एवढ्या जवळ कशाला जातेस?"

"लांबून दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"पानं. झाड दिसतं, पानं नाही दिसत." मग तिला शंका आली. "सगळ्यांना असंच दिसतं ना?"

आई मशीनवरून उठून बाहेर आली, तिच्या हातात बिनओवलेली सुई तशीच होती.

बाबांनी विचारलं, "मी फाटकात उभा असतो तेव्हा मला कसं ओळखतेस?"

"चालण्यावरून."

"आणि फळा?"

"काळा दिसतो. शेजारचीचं बघून लिहिते. तिचं चुकलं की माझंही चुकतं."

बाबांनी कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकवली. मग म्हणाले, "नोकरीसाठी दरवर्षी माझे डोळे तपासतात. लांबची पाटी वाचून दाखवली की बस हातात देतात."

आई म्हणाली, "मी तर हिच्याकडून सुया ओवून घेत होते."

"सांगायचं नाही का गं?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही म्हणायचा ना, गप्पीचं काही नसतं."

दादा दारात उभा होता. त्याला त्या वेळी खोकला आला नाही. आला असता, तरी त्या दिवशी त्याने तो गिळला असता, असं मला वाटतं. तो आला आणि बाबांसोबत ती हिरवी फूट धरून ओढायला लागला. ती बुडापासून निघाली तेव्हा माझ्या अंगाची सालही सोलली. दुखलं. पण कितीतरी दिवसांनी घशाखाली पाणी उतरलं.

आज माझ्या अंगावर दीड फांदी आहे. जगेन की नाही, मलाच खात्री नाही. खालचा मालकही अजून दबा धरून आहे. गप्पीला चष्मा लागला, जाड काचांचा. त्याच वर्गात बसावं लागणार का, ते शाळा अजून ठरवतेय. सुया आता आई स्वतः ओवते. चार वेळा चुकते, पण मुलीला हाक मारत नाही.

काल गप्पी पायरीवर उभी होती. तिथूनच म्हणाली, "आई, त्याला कळी आलीय."

पायरीपासून मी दहा पावलांवर आहे, मित्रांनो. ती आता लांबूनच बघते, नाक लावायला जवळ येत नाही. मला थोडं चुकल्यासारखं होतं.

तुमच्याही घरात एखादं बिनतक्रारी असेलच. झाड असेल, माणूस असेल. 'याला काही लागत नाही' असं कुणी सांगितलं, तर तिथेच उठून जाऊ नका. पुढे एक 'फक्त' असतो. तो पुरा ऐकून घ्या.

आणि नाहीच ऐकलात, तर येता-जाता माझ्याजवळून जरा जपून.