ढालीची खुर्ची

चित्रकलेची बाई म्हणून मी या शाळेत नवीच लागले होते. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत एका खुर्चीवर टेकले, तर कोणीतरी म्हणालं, "ती गणिताच्या सरांची." दुसरी भूगोलाच्या बाईंची निघाली. तिसरीचे मालक तर केव्हाच निवृत्त झालेले, पण अधूनमधून डोकावतात म्हणे. मी खिडकीला टेकून डबा खाल्ला.

बिनमालकाची अशी एकच खुर्ची होती, तीही गादीची. तिच्यावर शाळेला मिळालेली चकचकीत ढाल विराजमान होती: 'सर्वांना सामावून घेणारी शाळा, प्रथम क्रमांक.'

आठवडाभर उभ्याने जेवून माझे पाय बोलायला लागले. शेवटी मी ढाल उचलून टेबलावर ठेवली आणि खुर्चीत ऐसपैस बसले. सगळ्यांचे घास हातातच राहिले.

हेडबाई लगबगीने आल्या. "अहो बाई, ती ढाल आपल्या सगळ्यांची आहे."

"मग आळीपाळीने मांडीवर घेऊ की," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. पण दुसऱ्या दिवशी खास माझ्यासाठी एक स्टूल आलं. ढालीला धक्का लागू नये म्हणून ते दाराबाहेर ठेवलं होतं.