जरा उजळ करा

शेवगावच्या बाजारपेठेत सीमा साळवेचं फ्लेक्सचं दुकान आहे. तालुक्यात कुणाचा वाढदिवस येवो, कुणाची निवड होवो नाहीतर कुणाच्या घरी मरण होवो, माणूस तिच्या दुकानाची पायरी चढतोच. आणि चढणारा प्रत्येक जण, मग तो सरपंच असो की सरपंचाचा मेव्हणा, फोटो दिल्यावर एकच वाक्य बोलतो, "ताई, जरा उजळ करा."

सीमा करून द्यायची. माउसचे दोन झटके, की उन्हातान्हात रापलेला गडी दुधाने अंघोळ केल्यासारखा दिसायला लागायचा. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तर कहर असायचा. जन्मभर ज्वारीच्या रानात राबलेली म्हातारी वारल्यावर अशी गोरीपान व्हायची, की रडणाऱ्या लेकीसुद्धा क्षणभर थांबून बघायच्या. पण आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती. सीमा स्वतः बापावर गेलेली, चांगली काळीसावळी. तरी तिला त्यात वावगं काही वाटत नसे. धंद्याची रीत ती रीत.

यंदा मात्र काम घरचं होतं आणि म्हणूनच अवघड होतं. गावातल्या बौद्ध वस्तीच्या जयंती कमिटीचे अध्यक्ष सहादू साळवे, म्हणजे सीमाचे आण्णा. चौकातला मोठा फ्लेक्स दरवर्षी नगरहून छापून यायचा. पोरीच्या जातीला एवढं काम झेपेल का, अशी कमिटीत कुजबुज झाली, तेव्हा आण्णांनी सतरंजीवर हात आपटला होता. "माझी पोरगी करील. गावात हसं झालं तर पुढल्या सालापासून मी अध्यक्ष न्हाई." म्हणजे बापाची खुर्ची आणि लेकीचं नाव, दोन्ही एकाच कापडावर टांगलेलं.

त्यात यंदाची प्रमुख पाहुणी अमेरिकेची. वस्तीतला करण राहुरीच्या कृषी विद्यापीठात पीएच.डी. करत होता. तिथे तुरीवर काम करायला डेलोरिस प्रुइट नावाच्या प्राध्यापक बाई आल्या होत्या. करणने त्यांना जयंतीचं आमंत्रण दिलं आणि त्या लगेच हो म्हणाल्या. अमेरिकेची बाई आपल्या वस्तीत येणार म्हटल्यावर सगळ्यांची छाती वीतभर फुगली. मग करणने मोबाईलवर त्यांचा फोटो पाठवला. तुरीच्या पिकात उभ्या असलेल्या, साठीच्या घरातल्या, गर्द काळ्या बाई. अगदी तोंडभर हसत होत्या.

आण्णा सीमाच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत राहिले. "लई काळी हाय गं. अमेरिकेची म्हनलं तर कुनाला खरं वाटंल का? पाव्हनी हाय, तिचा मान ऱ्हायला पायजे. जरा उजळ कर."

सीमाने केलं. पाहुणीचा मान राखायला तर नेहमीपेक्षा जास्तच केलं. खालच्या पट्टीत आण्णा, करण आणि कमिटीची बाकी मंडळी ओळीने उजळून निघाली. बाबासाहेबांच्या फोटोला तेवढा तिने हात लावला नाही. तो ती कधीच लावत नसे.

जयंतीच्या दिवशी सकाळी विद्यापीठाची जीप चौकात थांबली. हलगी कडाडली, बायांनी ओवाळलं. डेलोरिसबाईंनी हात जोडून "जय भीम" म्हटलं तेव्हा टाळ्यांनी चौक दणाणला. मग करणने मोठ्या ऐटीत वर बोट दाखवलं. बाईंनी मान वर करून फ्लेक्स पाहिला. खूप वेळ पाहिला. आपलं नाव त्यांनी वाचलं, नावावरचा चेहरा पाहिला आणि करणला हळूच विचारलं, "ही कोण?"

करण कसनुसा हसला. बाईही हसल्या, पण ते हसू फोटोतलं नव्हतं. "सुंदर छापलंय," त्या म्हणाल्या, "फक्त यात मी नाही." आणि शांतपणे विहाराकडे चालू लागल्या.

सीमाला एवढं इंग्रजी कळत होतं. मान राखायला गेलो आणि भर चौकात पाहुणीचं तोंडच पुसून टाकलं, हे तिला तिथल्या तिथे कळलं आणि आपल्या हाताचाच राग आला.

विहारात चहा झाला. बाया बाईंच्या भोवती कोंडाळं करून बसल्या. छबूबाई सगळ्यांत म्हाताऱ्या, त्यांना कुणाची भीडभाड नाही. त्यांनी करणला फर्मावलं, "इचार त्यांना, त्यांच्यात बी पान्याची शिवाशिव हुती का?"

करणने विचारलं. डेलोरिसबाई म्हणाल्या, "माझी आई लहान होती तेव्हा गावात पाण्याचे नळ दोन होते. एकावर लिहिलेलं, गोऱ्यांसाठी. दुसऱ्यावर, काळ्यांसाठी."

"आमची हीरच येगळी हुती," छबूबाई म्हणाल्या. "त्यांचा नळ तरी शेजारी हुता, आमाला वढ्यापल्याड जावं लागायचं." करणने ते इंग्रजीत सांगितल्यावर बाई एवढ्या मोकळ्या हसल्या, की विहारातला अवघडलेपणा निघून गेला.

मग त्याच बोलत्या झाल्या. त्यांच्या शाळेत गोरी आणि काळी मुलं नुकतीच एकत्र बसायला लागली होती. वर्गाचा फोटो काढायला माणूस यायचा. उजेडही गोऱ्या मुलांच्या बेताचा आणि फिल्मही त्यांच्याच कातडीच्या बेताची. गोऱ्या मुलांच्या पापण्यासुद्धा दिसायच्या. काळ्या पोरी म्हणजे नुसता अंधार आणि दात. "आई तो फोटो भिंतीवर लावत नव्हती. म्हणायची, यात माझी लेक कुठंय?" बाईंनी कप खाली ठेवला. "तिकडे अंधारात घालवलं, इथे उजेडात. मला राग नाही आला. वाईट वाटलं. मला वाटलं होतं, निदान इथे तरी मी दिसेन."

छबूबाईंनी बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आता तर तसं काही नसंल ना?" आण्णांनी विचारलं.

बाईंनी मुलाची गोष्ट सांगितली. पोरगा गाडी शिकला तेव्हा इतर आया पोरांना वेग सांभाळ म्हणून सांगतात. त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, की पोलिसाने थांबवलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे, खिशात हात घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही. काळ्या पोराच्या आईला हे शिकवावंच लागतं. पोरगा आता बाप्या माणूस झाला, डॉक्टर आहे, तरी तो उशिरा घरी आला की त्यांचा जीव टांगणीला लागतो. "रंग काही घडी घालून खिशात ठेवता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं कसं? तुम्हाला चेहऱ्यावरून ओळखतात?"

"चेहऱ्यावरून नाही कळत," करण म्हणाला. "म्हणून आडनाव विचारतात."

आण्णा सरसावून बसले. हा त्यांचा हक्काचा विषय. "म्या बी पोरीला शिकवलंय. नगरला कॉलेजात निघाली तवा सांगितलं, खोली बघताना आडनाव इचारतील. मान खाली घालायची न्हाई. साळवे म्हनायचं, आन् खनखनीत म्हनायचं. खोली न्हाई मिळाली तर न्हाई मिळाली."

डेलोरिसबाईंनी भाषांतर ऐकलं आणि उठून आण्णांचा हात दोन्ही हातांत धरला. एका बापाला एका आईने दिलेली ती दाद होती. आण्णांना भरून आलं.

सीमाला मात्र बसवेना. ती उभी राहिली. "आण्णा, खोली दोनदा न्हाई मिळाली मला. तरी आडनाव लपवलं न्हाई, कारन तुमी शिकवलं हुतं. मग तोंड का लपवतोय आपन? बाईंचं पुसलं, तुमचं पुसलं, समद्या तालुक्याचं पुसत बसलेय मी. मिरवनुकीच्या आत मी दुसरा फ्लेक्स छापते. समदे हायेत तसे."

"समदे?" करण चपापला. "बाईंचा बदल की, आमचा कशाला? चौकात समोर दुसऱ्या मंडळाचा फ्लेक्स हाये, त्यावर समदे गोरेपान. आमी त्यांच्यापुढं कोळशाच्या वखारीतले दिसू. आन् माझं लग्नाचं चाललंय. पोरीकडची मंडळी येतात, ती फ्लेक्स बघूनच येतात."

"काय म्हणतोय हा?" डेलोरिसबाईंनी विचारलं. करण रिकामे कप गोळा करायला लागला. मग सीमानेच आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याच्या लग्नासकट सगळं सांगून टाकलं. बाईंनी करणला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुझ्यात काहीच वाईट नाही. पण लग्नाच्या दिवशी तर तूच जाणार ना, फ्लेक्स नाही ना जाणार?" हे मराठीत आल्यावर बायांचा असा हशा उठला, की करणला तोंड लपवायला जागा उरली नाही.

तरी कमिटीची माणसं आण्णांकडेच बघत होती. उजळ कर म्हणून सांगणारे तेच होते, आणि हसं झालं तर खुर्ची सोडणारेही तेच. आण्णांनी आपले रापलेले हात पुढे धरून पाहिले. मग म्हणाले, "सीमे, चुकलो मी. बाईंच्या मापानं न्हाई, माझ्या लाजंच्या मापानं बोललो. जा, छाप. पयला माझा घे."

दुकानात गेल्यावर सीमाला खरा इंगा कळला. गोरं करायला दोन झटके पुरायचे, पण खरा रंग कापडावर उतरवता उतरवता ती मेटाकुटीला आली. नमुन्याचा पहिला तुकडा छापला तो डांबरासारखा निघाला. आतापर्यंत तिने या मशीनकडून असा चेहरा कधी मागितलाच नव्हता. डेलोरिसबाई सोबत आल्या होत्या. स्टुलावर बसून शेंगा खात होत्या. प्रत्येक तुकडा निघाला की त्याच्याशेजारी त्या आपला हात धरायच्या आणि मान हलवायच्या. तांबूस वाढव. गालावर उजेड पडलाय तो घालवू नकोस. कपाळाला जरा निळसर झाक आहे बघ. सीमा बघत होती. एका काळ्या रंगात एवढे रंग असतात हे तिला आजवर दिसलं नव्हतं, आणि आरशात तर रोजच उभी राहत होती. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा बाईंनी हात जवळ धरलाच नाही. नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "ही मी."

उन्हं उतरता उतरता टेम्पोतून नवा फ्लेक्स चौकात आला. पोरांनी जुना उतरवून लाकडी चौकटीवर नवा ठोकला आणि उभा केला. वर बाबासाहेब, त्यांच्या शेजारी तोंडभर हसणाऱ्या डेलोरिसबाई आणि खाली अख्खी कमिटी, उन्हाने, रानाने आणि आईबापांनी दिलेल्या रंगात. छबूबाईंनी डोळ्यांवर हात धरून एकेकाला निरखलं. "हा करण. हा सहादू. आता कसं, वळखू यायलेत समदे."

समोरच्या कोपऱ्यावर श्रीमंतचं चहाचं हॉटेल. तिथे दुसऱ्या मंडळाची पोरं बाकड्यावर बसली होती. श्रीमंत गाळणी हातात घेऊन बाहेर आला. त्याने वर पाहिलं आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असा ओरडला, "सहादूभाऊ, औंदा शाई लई सांडली वाटतं!"

बाकड्यावरची पोरं हसली. हलगीवाल्याचा हात थांबला. कमिटीची माणसं आण्णांकडे बघायला लागली. आता बापाची मान खाली गेली तर ती आपल्यामुळे जाणार, एवढंच सीमाला कळत होतं.

आण्णांनी पागोट्याचा शेव सारखा केला. रस्ता ओलांडून ते हॉटेलाच्या दारापर्यंत गेले, श्रीमंतच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला फ्लेक्सकडे वळवून उभं केलं.

"सांडली न्हाई, श्रीमंतराव," ते म्हणाले. "आजपातूर पुसत हुतो. आज ऱ्हाऊ दिली. नीट बघून घ्या, माझ्या पोरीनं छापलंय."