ओकुदाकाकांच्या कमरेतली सुई आणि मी

मी एक जुनी सुई आहे, मित्रांनो, आणि आयुष्यात मी कुणालाही टोचलेलं नाही. सुयांच्या जातीत हे सांगायला जरा लाजच वाटते. पण माझं टोक मुळात गोलच घडवलं आहे. क्योतोच्या ज्या कारागिरानं मला चांदीतून घडवलं, त्याच्या बायकोनं तेव्हाच विचारलं होतं, की ही पूर्ण कधी होणार.

मी इमाबारी गावात सुईनं दुखणी बरी करणाऱ्या तोमिएबाईंकडे आले. बाई जन्मांध. तीन बोटांनी मनगटाची नाडी वाचायच्या आणि मला कातडीवर नुसतं टेकवायच्या. चाळीस वर्षांत माझं डोकं त्यांच्या अंगठ्यानं झिजवलं. लोक नावाजायचे, तसे हसायचेही. सर्वांत जास्त हसायचे गावातले दुसरे सुईवाले, हामागुची मास्तर. त्यांच्या सुया जाड, पोलादी आणि खोल जाणाऱ्या.

"बाई, तुमच्या सुईनं तोफूलासुद्धा भोक पडणार नाही."

"तोफूची तक्रार आली की कळवते, मास्तर."

सुईची विद्या एकच, पण आमच्या गावात तिचे सात पंथ होते. कुणी पोट चाचपायचं, कुणी हातोडीनं सुई ठोकायचं, कुणी नळीतून घालायचं, कुणी औषधी पाल्याच्या गोळ्या कातडीवर जाळायचं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सगळे एकत्र जमत. रिवाज असा, की एकानं सुई लावायची आणि त्याच वेळी इतरांनी रुग्णाची मनगटं धरून नाडीतला फरक सांगायचा.

त्या रविवारी ओकुदाकाका पालथे झोपले होते. ते तातामी, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या जाड गवती चटया, शिवायचे. दिवसभर वाकून काम, म्हणजे कंबर हेच त्यांचं दुकान. मास्तरांची सुई कमरेत गेली. डावं मनगट धरणारा म्हणाला, नाडी तारेसारखी ताणलेली आहे. उजवं मनगट धरणारा म्हणाला, दोऱ्यासारखी आहे, तोही ओला. वाद पेटला. शेवटी कुणीतरी म्हणालं, काका, तुम्हीच सांगा, बरोबर कोण?

काका सभ्य माणूस. उत्तर द्यायला ते तोंड वळवून अर्धे उठले. कमरेच्या स्नायूनं सुई करकचून आवळली.

मास्तरांनी ओढून पाहिलं. निघेना. फिरवली, तशी आणखी घट्ट झाली. काकांच्या मानेवर घाम आला. सुई आत मोडली तर काय, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून प्रत्येकानं सल्ला दिला. सात पंथ, नऊ सल्ले.

"आत राहिली तर मला वाकता येईल का?" काकांनी विचारलं.

बाई सरकत पुढे आल्या. "मास्तर, ओढू नका. नुसती धरून ठेवा. बाकीच्यांनी हात काढा."

मास्तर एवढे निमूट कधी बसले नव्हते. बाईंनी बोटानं सुईची जागा शोधली आणि मला तिच्यापासून दोन बोटांवर टेकवलं. काही झालं नाही. कंबर दगडासारखी होती.

"काका," बाई म्हणाल्या, "तातामीची सुई केवढी असते हो?"

"वीतभर."

"ती अडकली तर काय करता?"

काका विचारात पडले. "थांबतो. ओढली तर गवत तुटतं. हाताखाली चटई जरा सैल सोडतो..."

हे सांगताना त्यांनी एक लांब श्वास सोडला. माझ्या टोकाखालची कातडी मऊ झाली. मास्तरांची सुई आपसूक वर आली.

"पूर्ण आहे का?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी ती वाकडी सुई सरळ केली आणि त्याच मापाच्या दुसऱ्या सुईशेजारी धरली. दोन्हींची लांबी जुळली. मग कुठे खोलीनं श्वास घेतला.

पुढच्या महिन्यात सात पंथांनी सुई सुटल्याची सात कारणं सांगितली. काकांच्या मते सुई त्यांच्या बोलण्यानं सुटली. खरं काय ते मलाही ठाऊक नाही, आणि मी तर तिथेच होते.

बाई गेल्या, तेव्हा मी मास्तरांकडे आले. काही वर्षं खणात काळवंडत पडले. हल्ली मात्र जाड सुई उचलण्याआधी ते मला पुसतात, रुग्णाच्या पाठीवर टेकवून वाट पाहतात. कुणी विचारलं तर म्हणतात, ही आमच्या पंथाची फार जुनी पद्धत आहे.

मित्रांनो, चांदीला मऊ फडक्यानं पुसत जा. आणि कुणाच्या पाठीत सुई असताना, बरोबर कोण, हे त्याला विचारू नका.