शीतलचे केस

मस्तगडातल्या पुतळ्यांच्या कारखान्यात सिलिकॉनचा माणूस ओतायचा तो पुंजारामनं, आणि त्यात जीव आणायचा तो त्याच्या बायकोनं, बेबीनंदानं. चेहरा कितीही हुबेहूब उतरला तरी केस खोटे दिसले की सगळं मुसळ केरात. एकेक केस सुईनं टोचायचा, मूळ आत, टोक बाहेर. उलटे गेले की आठ दिवसांत डोक्याचा गुंता. आपल्या हातून आजवर एकही केस उलटा गेला नाही, हे सांगायला बेबीनंदाला निमित्तही लागत नसे.

पिंपळगाव रेणुकाईच्या नंदाबाईंची लेक शीतल सासरच्या विहिरीत सापडली होती. तिचा पुतळा त्यांनी बनवायला सांगितला होता, आणि केसही तिचेच हवेत म्हणून त्या केसांची पिशवी घेऊन आल्या. बायका विंचरताना गळालेले केस गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचतात, भांडीवाली आली की तिला देऊन वाटी घेतात. हे तसलेच असणार, असं बेबीनंदानं धरलं.

"मावशी, फणीतले केस उलटसुलट असत्यात. मुळं निवडायलाच महिना जाईल."

"जाऊ द्या. मला जल्दी न्हाई."

पण पिशवीत निवडण्यासारखं काही नव्हतंच. सगळी मुळं एका बाजूला, कुठे कुठे कातडीचा पांढरा कण चिकटलेला. हे मुठीनं उपटलेले केस होते. बेबीनंदानं पिशवी परत पुढे सरकवली.

"सासरच्यांनी उपटले न्हाई का हे? मंग पुतळ्यात कशाला घालता? पोलिसाला दाखवा!"

नंदाबाईंनी ती जवळ ओढली.

"त्यांनी न्हाई, बाई. पळून माझ्याकडं आल्ती. परत जात न्हाई म्हणून चौकट धरून बसली. सासरची जीप दारात उभी, सगळी आळी बघून राह्यली. मंग मीच वेणी धरून वढली तिला. चौथ्या दिवशी फोन आला, तवा अंगणातले केस येचले." मग म्हणाल्या, "मला शिकवा. मीच लावते परत."

बेबीनंदानं पुंजारामनं ओतलेलं शीतलचं डोकं पुढे ठेवलं आणि त्यांच्या हातात सुई दिली. डोकं हलू नये म्हणून डाव्या हातानं धरायचं, एवढंच सांगितलं.

नंदाबाईंनी डावा हात पुढे नेला. शीतलच्या डोक्यापाशी तो थांबला आणि काही केल्या खाली जाईना. त्या तशाच रडत उभ्या राहिल्या. बेबीनंदाला त्यांची कीव आली, पण राग त्याहून जास्त होता. तिनं सुई परत घेतली नाही.