टिचकीचा हिवाळा

कल्पना करा, तुम्ही खुर्चीवर उभे आहात, बोटांना खळ लागली आहे आणि खिडकीच्या काचेवर कापसाचा एकेक पुंजका दाबून बसवताय. टिचकी नेमकं हेच करत होती. आज तिला पाच वर्षं पूर्ण झाली होती आणि वाढदिवसाला घरात हिवाळाच हवा, असा तिचा हट्ट होता. बाहेर रणरणतं ऊन होतं. त्याला तिचा इलाज नव्हता.

आईने पडदे ओढले, दिव्याला निळा कागद लावला आणि पंख्यासमोर बर्फाने भरलेली परात ठेवली.

"पडला का गारठा?" टिचकीने विचारलं.

"माझे तर दात वाजायला लागलेत," कपाळावरचा घाम पुसत आई म्हणाली.

हट्टाला कारण होतं. टिचकीचे बाबा दोन गल्ल्या पलीकडच्या शीतगृहात मासळीचे खोके रचायचे. एकदा ती आईबरोबर डबा द्यायला गेली, तेव्हा जाड दार उघडून ते पांढऱ्या वाफेतून बाहेर आले होते, भुवयांवर हिम घेऊन. तेव्हापासून ती साऱ्या जगाला सांगायची, माझे बाबा रोज हिवाळ्यात जातात.

शेजारच्या गोट्याला ते काही पटलं नव्हतं.

"थापाडी," तो आल्या आल्या म्हणाला. "हिवाळा काय कपाटात ठेवतात?"

"बाबा येऊ देत, मग बघ."

बाबा आले ते कबूल केल्याप्रमाणे कामावरून थेट, जाड कोट आणि कानटोपी घालूनच. गोट्याने त्यांच्या बोटांना हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"आयला, खरंच की."

मग पोरांची रांगच लागली. कुणीतरी परातीतला बर्फाचा खडा बाबांच्या तळहातावर ठेवला, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने.

"त्यांना काही होत नाही," टिचकी प्रत्येकाला सांगत होती. बाबा हसत होते. टिचकीला आभाळ ठेंगणं झालं होतं.

केक कापायची वेळ झाली, तर बाबा खोलीत नाहीत. टिचकी शोधत मागच्या दारी गेली. बाबा पायरीवर बसले होते. तापलेल्या भिंतीला दोन्ही तळहात टेकवून त्यांनी डोळे मिटले होते.

"माझा हिवाळा आवडला नाही तुम्हाला?"

"आवडला की गं."

"मग इथे का बसलात?"

"माझा अजून उतरायचाय, बाळा. जरा ऊब धरली की आलोच."

टिचकीने त्यांचं एक बोट आपल्या मुठीत धरलं. बराच वेळ धरूनही ते गारच राहिलं. ती उठली आणि आत गेली.

तिचा चेहरा पाहून आईला वाटलं, आता रडणार. पण टिचकीने केकच्या टेबलाचा पाय धरला आणि ते दाराकडे ओढायला लागली.

"गोट्या, तिकडून ढकल. केक बाहेर उन्हात कापायचाय."

"अगं, सगळं क्रीम वितळेल," आई म्हणाली.

"वितळू दे," टिचकी म्हणाली आणि तिने आणखी जोर लावला.